आउटडोअर सीनमधली सावली खोटी दिसते? ब्लेंडरमधे हा घोळ मी कसा शोधतो

ब्लेंडर म्हणजे थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर. आधी लक्षणं. तुमचं कुठलं आहे ते बघा, आणि दोन-तीन एकदम असतील तरी घाबरू नका, बहुतेकांच्या फायलीत तसंच असतं.

– सावली डांबर ओतल्यासारखी काळी, आत काय आहे ते दिसतच नाही
– एका माणसाच्या दोन सावल्या, दोन दिशांना
– सगळ्या सावल्यांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या, मग ती चपलेची असो की नारळाच्या झावळीची
– किंवा उलट, सगळं इतकं मऊ की अख्खं गाव टेबलावर मांडलेल्या खेळण्यासारखं वाटतं
– पात्र जमिनीच्या इंचभर वर तरंगतंय असं वाटतं, पण बोट ठेवून सांगता येत नाही का ते
– झाडाखाली पानांऐवजी चौकोनी पत्र्यांची सावली
– एक फ्रेम बघितली तर झकास, प्ले केलं की सावली लुकलुकते नाहीतर सरपटते

मी कुठल्या स्टुडिओत काम करत नाही, नोकरी करून रात्री ॲनिमेशन करतो, पण हा एक बिघाड स्वतःच्या आणि ओळखीच्या पोरांच्या फायलीत इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता कोणी "दादा, सीन बघ ना, काहीतरी गंडलंय" म्हणून रेंडर, म्हणजे सीनचं तयार चित्र, पाठवला की मी पात्राकडे बघतच नाही, थेट जमिनीकडे बघतो. आणि खरं सांगायचं तर दहातल्या सात-आठ वेळा दोष सावली पाडणाऱ्या लाइटमधे नसतो, सावलीच्या आत जो उजेड यायला हवा तो आलेलाच नसतो. लोक मात्र सन लाइटचे आकडे फिरवत बसतात, म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

खाली जे लिहिलंय ते सोप्याकडून अवघडाकडे आहे. क्रम मोडू नका, कारण पुढच्या गोष्टी तपासताना मागची चुकलेली असेल तर काहीच कळत नाही.

फुकटातली तपासणी: बाहेर जा

खरंच. तुमच्या सीनमधे जी वेळ आहे त्या वेळेला गच्चीवर नाहीतर अंगणात जा, एक काठी उभी धरा आणि मोबाइलने फोटो काढा. मग काठीच्या सावलीचं बूड आणि टोक दोन्ही नीट बघा. बुडाशी कडा धारदार असते, टोकाकडे जाता जाता ती फिस्कटत जाते. हे का होतं, तर सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी साधारण अर्धा अंश आहे, त्यामुळे वस्तू जमिनीपासून जितकी दूर तितकी कडेची धूसर पट्टी रुंद. शाळेत प्रच्छाया-उपच्छाया शिकलेलो तेच हे. हिशोब सोपा आहे, दर मीटरमागे साधारण ९ मिलिमीटर. म्हणजे पायातल्या चपलेची सावली धारदार, आणि ५ मीटरवरच्या फांदीची कडा साडेचार सेंटिमीटर पसरलेली.

यातून एक मजा कळते जी मला स्वतःला खूप उशिरा कळली. गल्लीचा सीन करताना आपण हौसेने विजेच्या तारा ओढतो आणि रस्त्यावर त्यांच्या काळ्याकुट्ट रेघा पडतात. प्रत्यक्षात १ सेंटिमीटर जाडीच्या तारेची गडद सावली जेमतेम मीटरभर टिकते, त्यापुढे ती विरत जाते, सहा मीटर खाली रस्त्यावर फारतर एक फिकट पट्टा उरतो. रेंडरमधे तारांची सावली कोरून काढल्यासारखी असेल तर बाकी कितीही मेहनत घ्या, बघणाऱ्याला खटकणारच.

सावल्या मोजा

दुसरी तपासणी अर्ध्या मिनिटाची. एक क्यूब जमिनीवर ठेवा आणि किती सावल्या पडतात ते मोजा. एकच हवी. दोन असतील तर आउटलायनरमधे, म्हणजे सीनमधल्या वस्तूंच्या यादीत, एकेक लाइटसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद करून बघत जा. सगळ्यात जास्त वेळा सापडणारा चोर म्हणजे नवीन फाइल उघडल्यावर आपोआप येणारा तो १००० वॉटचा पॉइंट लाइट. क्यूब सगळे डिलीट करतात, लाइट तसाच राहतो, मग त्यावर सन लाइट टाकला की झाल्या दोन सावल्या. मी अशा फायली बघितल्यात जिथे माणूस दोन आठवडे मटेरियल बदलत होता आणि हा लाइट वर शांतपणे लटकत होता.

दुसरा चोर आकाशात असतो. स्काय टेक्श्चरमधे, म्हणजे ब्लेंडरच्या तयार आकाशात, सन डिस्कवर (त्या आकाशातल्या सूर्यावर) टिक आहे आणि शिवाय वेगळा सन लाइट पण आहे, मग सायकल्समधे (ब्लेंडरचं एक रेंडर इंजिन, दुसरं ईव्ही) दोन सूर्य झाले. एचडीआरआय, म्हणजे उजेड देणारा चौफेर आकाशाचा फोटो, लावला असेल तर त्या फोटोतही सूर्य असतो हे विसरू नका. एकतर सूर्य आकाशाचा घ्या नाहीतर लाइटचा. मी सन डिस्क बंद करून लाइट ठेवतो, कारण तो फिरवायला हातात राहतो. फक्त आकाशातला उजळ भाग आणि सन लाइट एकाच बाजूला येतील असं आकाशाचं रोटेशन जुळवा, नाहीतर सावली पश्चिमेला पडतेय आणि ढगही पश्चिमेलाच चकाकतायत असा प्रकार होतो.

एचडीआरआयबद्दल अजून एक, काही फायलींमधे सूर्याची तीव्रता कापलेली असते, आकाश सुंदर दिसतं पण सावली ढगाळ दिवसासारखी मिळमिळीत येते. तिथे स्ट्रेंग्थ वाढवून उपयोग नाही, सगळंच पांढरं होतं. सन लाइट वेगळा जोडा.

लाइटचा प्रकार

पॉइंट किंवा स्पॉट लाइटला सूर्य बनवलं असेल तर आत्ताच बदला. सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्याचे किरण आपल्यासाठी समांतरच. पॉइंट लाइटमधे रांगेतल्या खांबांच्या सावल्या पंख्यासारख्या पसरतात आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं असल्यासारखं वाटतं. प्रकार बदलून सन करा. आणि मग तो इकडून तिकडे हलवून "काहीच फरक पडत नाही" म्हणू नका, सन लाइट कुठे ठेवलाय याला अर्थ नसतो, तो कसा फिरवलाय याला असतो.

अँगल

सन लाइटमधे अँगल नावाचा आकडा आहे, सुरुवातीला तो ०.५२६ अंश असतो. तो तसाच ठेवा! खरा सूर्य तेवढाच आहे. पण कुठल्यातरी ट्युटोरियलमधे "सॉफ्ट शॅडो छान दिसते" म्हणून १० किंवा १५ करायला सांगितलेलं असतं, आणि मग माणसाची सावली गुडघ्यापासूनच विरघळायला लागते. एवढा मोठा प्रकाशाचा गोळा फक्त टेबलावरच्या छोट्या वस्तूंसमोर दिव्याच्या रूपात असतो, म्हणून डोळा लगेच ठरवतो की हे खेळणं आहे. उलट शून्य केलं तर कडा सगळीकडे सारख्या धारदार, तोही खोटेपणा. पातळ ढग किंवा धुरकट हवा दाखवायची असेल तर २-३ अंशांपर्यंत मी जातो, त्यापुढे नाही. पुरता ढगाळ पावसाळी दिवस असेल तर सन लाइटच काढा, तेव्हा बाहेर ठळक सावली नसतेच, फक्त वस्तूखाली आणि कोपऱ्यात अंधार साचतो.

अँगल बरोबर आहे का याची माझी आवडती परीक्षा म्हणजे कवडसे. झाडाखाली किंवा कौलाच्या फटीतून पडणारे कवडसे गोल असतात, फट कशीही वेडीवाकडी असली तरी, कारण तो फटीचा आकार नसतोच, ते सूर्याचं चित्र असतं. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात ज्यांनी झाडाखाली बघितलं असेल त्यांना आठवेल, सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. तुमच्या रेंडरमधे उंच झाडाखालचे कवडसे त्रिकोणी, टोकदार येत असतील तर अँगल शून्याच्या जवळ आहे. पण पानं जमिनीला खेटून असतील तर कवडसे टोकदारच येणार, ते बरोबर आहे.

आता खरा रोग: आकाश

इथे थांबून वाचा, कारण बहुतेक जण इथेच बरे होतात.

दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण १ लाख लक्स उजेड असतो. त्याच वेळी, त्याच अंगणात, भिंतीच्या सावलीत १० ते २० हजार. म्हणजे सावली उन्हाच्या पाचपट ते दहापट कमी, बस. पुस्तक वाचता येईल इतका उजेड असतो तिथे. हा उजेड आकाशातून येतो, निळसर असतो, आणि समोरच्या जमिनीवरून भिंतीवरून उसळूनही येतो. ब्लेंडरच्या नवीन फाइलमधे वर्ल्डचा, म्हणजे सीनभोवतीच्या पार्श्वभूमीचा, रंग जवळजवळ काळा, ०.०५ चा करडा असतो. त्यावर तुम्ही सन लाइट टाकला म्हणजे तुमचं अंगण चंद्रावर आहे, आकाशच नाही. सावली काळी पडणार नाहीतर काय.

मग लोक काय करतात, सावलीच्या बाजूने एक एरिया लाइट लावतात. तिथून आणखी एक सावली. मग ती घालवायला शॅडो बंद. मग पात्र तरंगायला लागतं. मग मला रेंडर पाठवतात.

साधा उपाय: वर्ल्डमधे स्काय टेक्श्चर लावा, सन डिस्क बंद, आणि सन लाइटची स्ट्रेंग्थ ३ ते ५ च्या आसपास ठेवून आकाशाची स्ट्रेंग्थ हळूहळू फिरवा. कुठे थांबायचं हे डोळ्यावर सोडू नका, रात्री २ वाजता डोळा काहीही पास करतो. जमिनीवर एक करडा प्लेन ठेवा, अर्धा उन्हात अर्धा सावलीत, रेंडर करा आणि दोन्हीकडचा पिक्सेल सॅम्पल करून आकडे भागा, रंग बदलायच्या आधीचे लिनिअर आकडे. पाच ते दहाच्या मधे उत्तर आलं की झालं. पंचवीस-तीस येत असेल तर आकाश कमी आहे, दोन येत असेल तर ढगाळ झालंय. संध्याकाळच्या सीनला हा फरक कमी ठेवा, कारण सूर्य खाली गेल्यावर त्याचं ऊन नरमतं आणि आकाशाचा वाटा वाढतो, तेव्हा ऊन पिवळं आणि सावली चक्क निळी दिसते.

हे करूनही काळीच दिसत असेल तर कलर मॅनेजमेंटमधे व्ह्यू ट्रान्सफॉर्म बघा, म्हणजे रेंडरचा उजेड पडद्यावरच्या रंगात कसा बदलायचा ते सेटिंग. स्टँडर्ड असेल तर एजीएक्स करा, ४.० पासून तोच डीफॉल्ट आहे, त्याआधीच्या व्हर्जनमधे फिल्मिक. स्टँडर्डमधे उजळ भाग लगेच फाटतात, नुसते पांढरे होतात, मग आपण एक्स्पोजर खाली आणतो आणि सावली बुडते. जुनी फाइल नवीन व्हर्जनमधे उघडली की जुनंच सेटिंग येतं, हे लक्षात ठेवा.

जमिनीचा रंगही बघून घ्या. जमीन पूर्ण काळी दिली तर उसळणारा उजेडच नाही. डांबर जुनं असलं तरी थोडा उजेड परत देतं, काँक्रीट बराच जास्त. आणि कोकणातलं घर करत असाल तर लाल मातीचा रंग भिंतीच्या खालच्या भागावर आणि सावलीतल्या हनुवटीखाली यायला हवा. सायकल्स हे आपोआप करतं. ईव्हीमधे प्रोब (उसळलेला उजेड टिपणारी वस्तू) लावून तो उजेड बेक करावा, म्हणजे आधीच मोजून साठवावा लागतो, कंटाळवाणं आहे पण करा.

पाय जमिनीला लागलेत का

हसू नका. साइड व्ह्यूला जा, ऑर्थोग्राफिक करा, टाचेपर्यंत झूम करा. दोन सेंटिमीटरची फट असली तरी सावली पायापासून सुटते आणि पात्र तरंगतं. चालण्याच्या ॲनिमेशनमधे तर दर पावलाला तपासा. याच व्ह्यूमधे अजून एक दिसेल, एकाच उंचीवर चुकून दोन जमिनी आहेत का. एकावर एक पडलेल्या प्लेनमुळे काळे ठिपके थरथरतात आणि आपल्याला वाटतं सावलीच बिघडली.

सूर्य कुठल्या गावचा

स्काय टेक्श्चरमधे सूर्याची उंची सुरुवातीला १५ अंश असते. त्या उंचीला सावली वस्तूच्या पावणेचार पट लांब पडते. सीनमधे भर दुपारी आजोबा ओसरीवर जेवतायत आणि अंगणात तुळशी वृंदावनाची सावली कुंपणापर्यंत, हे कसं चालेल. पुण्या-मुंबईकडे डिसेंबर अखेरीस दुपारीही सूर्य साधारण ४८ अंशांवरच असतो, सावली उंचीपेक्षा थोडीच कमी. मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, दुपारी साडेबाराच्या सुमारास खांबाची सावली खांबाखालीच, आणि मग जुलै अखेरीस परत. या दोन दिवसांच्या मधे दुपारची सावली किंचित दक्षिणेला पडते, हे बऱ्याच जणांना पटतच नाही. सन पोझिशन नावाचं ॲड-ऑन आहे, त्यात गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख, आणि भारतासाठी यूटीसीपासून ५.५ तास टाकले की सूर्य बरोबर बसतो. अक्षांश टाकून वेळ तशीच इंग्लंडची ठेवणारे मी बघितलेत.

पानांचे पत्रे

पानाचा फोटो चौकोनी प्लेनवर लावला असेल आणि सावली चौकोनी येत असेल तर आधी मटेरियलमधे अल्फा (फोटोतली पारदर्शकता) जोडलाय का बघा. ईव्हीच्या ४.१ आणि त्याआधीच्या व्हर्जनमधे मटेरियलचा शॅडो मोड ओपेक असतो, तो अल्फा हॅश्ड करा. ४.२ पासून ट्रान्सपरंट शॅडोज अशी टिक आहे. सायकल्समधे चौकोन नसतात पण दाट झाडाच्या आत काळे डाग दिसतात, कारण किरण ८ पारदर्शक थरांनंतर थांबतो. लाइट पाथ्समधे ट्रान्सपरंटचा आकडा २४-३२ करा.

प्ले केल्यावर बिघडतं ते

आधी सन लाइटला कीफ्रेम (हालचालीची नोंद) लागलीय का, किंवा तो कशाचा चाइल्ड आहे का, म्हणजे दुसऱ्या वस्तूला जोडलेला आहे का, ते बघा. खरा सूर्य १ अंश सरकायला ४ मिनिटं घेतो, तुमच्या दहा सेकंदांच्या शॉटमधे तो हललेला दिसताच कामा नये. मी एकदा घर फिरवून दाखवायला सगळं एका एम्प्टीला (रेंडरमधे न दिसणाऱ्या आधाराला) जोडलं, सनसकट, आणि रात्रभर १२ सेकंदांचे २८८ फ्रेम काढले. सकाळी घर फिरतंय आणि सावली त्याला चिकटून बरोबर फिरतेय. सगळे फ्रेम कचऱ्यात.

ते ठीक असेल आणि सावलीत उकळल्यासारखं दिसत असेल तर सायकल्समधे तो डीनॉइजर (चित्रातले दाणे पुसणारा भाग) आहे, दर फ्रेमला वेगळा अंदाज बांधतो. सॅम्पल वाढवा, नॉइज थ्रेशोल्ड खाली आणा. सगळा शॉट काढू नका, कंट्रोल बी दाबून सावलीचा तुकडा निवडा आणि दहाच फ्रेम काढून बघा. जुन्या ईव्हीमधे कॅमेरा हलला की कडा सरपटतात, तिथे सन लाइटमधली कॅस्केडची (अंतरानुसार पाडलेल्या सावलीच्या टप्प्यांची) मॅक्स डिस्टन्स सीनच्या लांबीएवढीच ठेवा आणि रेंडर सेटिंगमधे कॅस्केड साइज वाढवा, कारण तेवढेच पिक्सेल लांबवर पसरले की जवळच्या सावलीच्या वाट्याला कमी येतात. ४.२ च्या ईव्हीत ही पद्धतच बदललीय, तिथे शॅडोजमधे रेज आणि स्टेप्स वाढवायचे.

गालावर, दंडावर उजेड-अंधाराच्या सीमेवर करवतीसारखी काळी रेघ असेल तर ती सावली नाही, मॉडेलची जाळी (मेश) पुरेशी बारीक नाही. सबडिव्हिजन एक पायरी वाढवा, नाहीतर ऑब्जेक्टच्या शेडिंगमधे शॅडो टर्मिनेटरचे आकडे थोडे थोडे चढवा. जास्त चढवले तर खरी सावलीच सुटते.

कुठे थांबायचं

नवीन फाइल घ्या, एक क्यूब, एक प्लेन, एक सन लाइट. यातही काळे चौकोन किंवा लुकलुक दिसली तर तुमच्या लायटिंगचा दोष नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा, तीच फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडा. तिकडे नीट आणि तुमच्याकडे नाही, शिवाय रेंडर करताना लॅपटॉप बंद पडतोय, तर रिपेअरवाल्याकडे न्या. घरी उघडून प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट लावायचे प्रयोग नकोत.

मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओत पात्र बसवताय, कॅमेरा हातात हलतोय, जमीन खडबडीत आहे, आणि सपाट जमिनीवर शॅडो कॅचर (फक्त सावली दाखवणारी अदृश्य जमीन) लावून दोन संध्याकाळी घालवल्या तरी सावली घसरतेय, तर मॅचमूव्ह (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल जुळवणं) आणि कंपॉझिटिंग (व्हिडिओ आणि रेंडर एकत्र बसवणं) करणाऱ्या माणसाला एक दिवसाचे पैसे द्या. विशेषतः कोणाच्या लग्नाचं नाहीतर जाहिरातीचं काम अंगावर घेतलं असेल तर.

आणि समोर होणाऱ्या बिल्डिंगची सावली आमच्या सोलर पॅनलवर पडेल का हे ब्लेंडरमधे दाखव, असं सोसायटीतल्या काकांनी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. चित्र काढून देता येतं, पण त्यावर कोणी भांडण किंवा खर्च ठरवणार असेल तर ते आर्किटेक्टचं काम आहे, मोजमापं त्यांच्याकडेच असतात.

हे सगळं करून अडलात आणि कोणाला फाइल दाखवायची असेल तर एक्स्टर्नल डेटामधून पॅक रिसोर्सेस करून द्या, ब्लेंडरचं व्हर्जन लिहा, सीनमधलं गाव, महिना, वेळ लिहा, आणि सोबत त्या काठीचा फोटो जोडा. नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका.